स्तोआ : घर नसलेली ओसरी

बायबलच्या प्रचलित मराठी भाषांतरात योहानाच्या शुभवर्तमानातले दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर एक गंमत लक्षात येते. पाचव्या अध्यायात यरुशलेमेतील बेथेस्दा नावाच्या तळ्याजवळ पाच ‘पडव्या’ आहेत आणि त्यांत आजारी माणसे पडून आहेत. दहाव्या अध्यायात हिवाळ्याच्या दिवसांत येशू मंदिरातल्या शलमोनाच्या ‘देवडी’त फिरतो आहे. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे साहजिकच दोन वेगळ्या जागा येतात, कारण पडवी म्हणजे घराला लागून काढलेला उतरत्या छपराचा भाग आणि देवडी म्हणजे दरवाज्यालगतची, पहारेकऱ्यांच्या बसण्याची जागा. मूळ ग्रीक मजकुरात मात्र दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे, तो म्हणजे ‘स्तोआ’. भाषांतरकारांना यात दोष देता येणार नाही. त्या वास्तूला आपल्याकडे एकच एक नेमके नाव नाही आणि जी नावे जवळ जातात, ती सगळी घराच्या, वाड्याच्या किंवा देवळाच्या एखाद्या भागाची आहेत.

स्तोआ दिसायला अतिशय साधी असते. एक लांबलचक जोते, मागच्या बाजूला सलग भिंत, दोन टोकांना आखूड भिंती, समोर भिंतीऐवजी खांबांची रांग आणि वर छप्पर, एवढ्यात ती पूर्ण होते. तिला दार नाही, कारण समोरची बाजू सगळीच उघडी आहे. आपल्या ओसरीशी तिचे रूप जुळते, पण ओसरी म्हटली की तिच्यामागे घर आले, घर म्हटले की घरमालक आला, आणि ओसरीवर बसायचे तर त्याची ओळख किंवा निदान त्याची परवानगी आली. स्तोआच्या मागे घर नसते. देवळाच्या आवाराच्या कडेने बांधलेल्या ओवऱ्या तिला त्याहून जवळच्या म्हणता येतील. जेजुरीच्या गडावर उन्हातून चढून गेलेला माणूस ज्या सहजतेने ओवरीत टेकतो, त्याच सहजतेने ग्रीक माणूस स्तोआत शिरत असे. तरीही फरक उरतोच, कारण ओवऱ्या देवळाच्या आवारातच शोभतात, तर स्तोआ देवस्थानातून बाहेर पडून बाजारात, नाट्यगृहाशेजारी, न्यायालयाजवळ, जिथे म्हणून माणसे जमतात तिथे जाऊन उभी राहिली.

‘उभी राहिली’ हे क्रियापद इथे मुद्दामच वापरले आहे. या शब्दाची व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञ ‘उभे असणे’ या अर्थाच्या एका अतिप्राचीन धातूपर्यंत नेतात, आणि संस्कृतातला ‘स्था’ हा त्याच धातूचा वंशज आहे. स्थान, स्थळ, स्थिर, स्थिती आणि आपले ठाणे हे शब्द या धातूचे इकडचे कुटुंब, तर ‘स्तोआ’ आणि खांब या अर्थाचा ग्रीक शब्द ‘स्तूलोस’ हे तिकडचे. जुन्या ग्रीक पद्यात हा शब्द ‘स्तोइआ’ असाही सापडतो, आणि त्याच्या पोटात पूर्वी ‘व’सारखा एक उच्चार होता, जो कालांतराने झिजून गेला, असे मानले जाते. खांबाला अवेस्तात ‘स्तूना’ म्हणत, आजच्या फारसीत ‘सुतून’ म्हणतात, आणि संस्कृतात त्याला ‘स्थूणा’ हा शब्द आहे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात मित्र आणि वरुण ज्या सदनात बसतात त्याला ‘सहस्रस्थूण’, म्हणजे हजार खांबांचे, असे विशेषण लावले आहे. गंमत अशी की खुद्द ‘खांब’ हा आपला शब्द मात्र या कुटुंबातला नाही. तो ‘स्कंभ’ या दुसऱ्याच शब्दावरून आला आहे.

ही शब्दांची सोयरीक आहे, वास्तूंची नाही, एवढी सावधगिरी इथे बाळगायला हवी. वेदकालीन सदन पाहून कोणा ग्रीकाने स्तोआ बांधली, किंवा उलट घडले, असे या नात्यावरून काहीही सिद्ध होत नाही. इतके मात्र कळते की ग्रीक माणसाने या इमारतीला नाव देताना तिची भिंत पाहिली नाही, छप्पर पाहिले नाही, तिचा उपयोगही पाहिला नाही; त्याने पाहिले ते फक्त तिचे खांबांवर उभे असणे. उपयोगाचा उल्लेख नावात नसल्यामुळेच पुढे या शब्दाला कोणताही उपयोग चिकटू शकला. देऊळ म्हटले की देव ठरला, कोठार म्हटले की धान्य ठरले. स्तोआ म्हटल्यावर काहीच ठरत नाही, आणि म्हणून तिथे नेमके काय आहे हे सांगण्यासाठी प्रत्येक स्तोआला एक विशेषण जोडावे लागले. राजाची, पिठाची, चित्रांची, प्रतिध्वनीची अशी ती विशेषणे आहेत, आणि शब्दाचा बराचसा इतिहास त्यांतच साठलेला आहे.

त्याआधी बांधणीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण स्तोआ लांब का होत गेली आणि रुंद का होऊ शकली नाही, हे लाकडाने ठरवले. समोरचे खांब आणि मागची भिंत यांच्यामध्ये तुळया टाकायच्या, तर त्या मिळतील तेवढ्याच लांबीच्या, आणि लांब तुळई स्वतःच्याच वजनाने मधे वाकते. त्यामुळे एका खणाची स्तोआ अरुंदच राहते, पण लांबीला तशी काही मर्यादा नाही. तोच खण पुन्हा पुन्हा जोडत जायचे. सामोस बेटावर हेरा देवीच्या क्षेत्रात इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली स्तोआ लाकडी खांबांची होती आणि तरीही सुमारे ७० मीटर लांब होती. यात्रेला आलेल्या माणसांना ऊन-पावसात आडोसा देणे हेच तिचे काम.

रुंदी वाढवायची तर आत खांबांची आणखी एक ओळ घालावी लागे. इथे ग्रीक गवंड्यांनी एक युक्ती केली. बाहेरच्या खांबांवर दगडी तुळया असत आणि दगड फार लांब अंतर पेलू शकत नाही, म्हणून ते खांब जवळजवळ असत. आतल्या खांबांवर लाकूडच असल्याने त्यांच्यामधले अंतर दुप्पट ठेवता येई. बाहेर दोन खांब, तर आत एक. शिवाय छपराचा कणा आतल्या ओळीवर येत असल्याने तिचे खांब उंच लागत, आणि उंचीच्या मानाने सडपातळ राहणारी आयोनिक धाटणी तिथे सोयीची पडे. म्हणून बाहेर जाडजूड डोरिक आणि आत नाजूक आयोनिक, अशी जोडी पुष्कळ स्तोआंत दिसते. आतली गर्दी कमी होते आणि माणसाला फिरायला जागा मिळते.

अथेन्सच्या अगोरात, म्हणजे बाजार आणि सभा या दोन्हींसाठी असलेल्या मोकळ्या चौकात, वायव्य कोपऱ्यावर ‘स्तोआ बासिलेइओस’ होती. नावाचा अर्थ राजाची स्तोआ, पण लोकशाहीतल्या अथेन्समध्ये राजा नव्हता. जुन्या राजपदाची धार्मिक कामे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला ‘आर्खोन बासिलेउस’ ही पदवी उरली होती आणि त्याची कचेरी इथे होती. १९७० साली उत्खननात ती सापडली, तेव्हा तिच्या लहानपणाचे अनेकांना आश्चर्य वाटले, कारण एवढ्या मानाची ही वास्तू जेमतेम १८ मीटर लांब आणि समोर आठ खांब असलेली होती. शहराचे कायदे इथे कोरून लावलेले असत. समोर एक मोठा ओबडधोबड दगड होता आणि त्याच्यावर उभे राहून नवे अधिकारी शपथ घेत. इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर अधर्माचा आरोप ठेवण्यात आला, त्याची प्राथमिक नोंद याच कचेरीत व्हायची होती. प्लेटोचा एक संवाद इथूनच सुरू होतो: सॉक्रेटिसला नेहमीच्या जागी न पाहता राजाच्या स्तोआशी पाहून भेटणारा माणूस चकित होतो आणि तुझ्यावर कोणी खटला तर भरला नाही ना, अशी चौकशी करतो.

त्याच चौकाच्या दक्षिणेला इ. स. पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात सुमारे ८० मीटर लांबीची एक स्तोआ उभी राहिली आणि तिच्या मागच्या भिंतीलगत पंधरा-सोळा खोल्या ओळीने काढलेल्या होत्या. या खोल्यांची दारे मध्यभागी नसून एका बाजूला सरकलेली आहेत. पाहणाऱ्याला ही गवंड्याची चूक वाटेल, पण तो जेवणाच्या खोलीचा पुरावा आहे. ग्रीक पुरुष मेजवानीला पाटावर बसत नसत, तर भिंतींलगत मांडलेल्या बाजांवर डाव्या कुशीवर रेलून जेवत, आणि चौकोनी खोलीत भिंतीला धरून सात बाजा बसवायच्या, तर दार मधोमध ठेवून चालत नाही. इतक्या खोल्यांत सरकारी कामावरचे अधिकारी जेवत असावेत असा तर्क आहे. तो खरा असेल, तर दाराच्या जागेवरून पंगतीचा थांग लागला म्हणायचा.

स्तोआंचे नाना उपयोग अथेन्सच्या लोकांच्या किती अंगवळणी पडले होते, ते अरिस्तोफानेसच्या एका विनोदी नाटकावरून समजते. इ. स. पू. ३९१च्या सुमाराच्या या नाटकात बायका शहराचा कारभार हाती घेतात. त्यांची पुढारी जाहीर करते की आता न्यायालये आणि स्तोआ या सगळ्यांची भोजनगृहे करून टाकू. चिठ्ठ्या टाकून ज्याला ‘ब’ अक्षर येईल त्याने राजाच्या स्तोआत जेवायला जावे, ‘क’ येईल त्याने पिठाच्या स्तोआत. पिठाची स्तोआ म्हणजे सातूचे पीठ विकण्याची जागा. त्याच नाटकाच्या सुरुवातीला हाच शब्द धान्याने आणि द्राक्षरसाने भरलेल्या घरगुती कोठारासाठी वापरला आहे, म्हणजे एकाच नाटकात कचेरी, बाजार आणि कोठी असे तीन अर्थ येऊन जातात. पुढे इतिहासकार पोलिबिअस वेढ्यातल्या सैनिकांवरचे बाण आणि दगड चुकवण्यासाठी उभारलेल्या छपरालाही स्तोआच म्हणतो. इथे शब्दात उरला आहे तो केवळ आडोसा.

ज्या स्तोआमुळे हा शब्द जगाच्या कानावर गेला, ती अगोराच्या उत्तर कडेला होती. इ. स. पू. ४६०च्या आसपास ती बांधली गेली आणि पेइसिआनाक्स नावाच्या बड्या माणसाच्या पुढाकारामुळे आधी त्याच्याच नावाने ओळखली जाई. मग तिच्यात मोठी चित्रे लागली: ट्रॉयचा पाडाव, अमेझॉन स्त्रियांशी झालेले युद्ध, आणि सर्वांत गाजलेले म्हणजे इ. स. पू. ४९०च्या मॅरेथॉनच्या लढाईचे चित्र. पोलिग्नोतोस, मिकोन आणि पानाइनोस हे त्यांचे चित्रकार, आणि यांपैकी पोलिग्नोतोसने कामाचे पैसे घेतले नाहीत अशी आख्यायिका प्राचीन लेखक सांगतात. देणगीदाराचे नाव मागे पडून लोक तिला ‘स्तोआ पोइकिले’, म्हणजे रंगीबेरंगी किंवा चित्रांची स्तोआ, म्हणू लागले. देणगीदाराची पाटी कितीही ठळक असली तरी लोक आपल्या मनाचेच नाव रूढ करतात, हा अनुभव आपल्याकडच्या कित्येक चौकांनाही आहे.

चित्रांच्या जोडीला तिथे युद्धात जिंकलेल्या ढाली टांगलेल्या होत्या. पौसानिआस नावाच्या प्रवाशाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात त्या पाहिल्या आणि गंज चढू नये म्हणून काहींना डांबर फासले होते, असे लिहून ठेवले. इ. स. पू. ४२५ मध्ये पिलोस येथे स्पार्टाच्या सैनिकांकडून घेतलेली एक काशाची ढाल १९३६ साली अगोरातच सापडली. ‘अथेन्सकरांनी, स्पार्टाकरांकडून, पिलोसहून’ अशा अर्थाची अक्षरे तिच्यावर ठोकलेली आहेत.

या चित्रांच्या स्तोआचा इतिहास रक्तानेही माखलेला होता. इ. स. पू. ४०४ मध्ये अथेन्सवर तीस जुलमी सत्ताधाऱ्यांची राजवट आली, तेव्हा १४०० नागरिकांना इथे मृत्युदंड फर्मावला गेला, असे तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणारा डायोजिनीस लाएर्तिअस सांगतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, शंभर वर्षांनी सायप्रसमधल्या किटिऑनहून आलेला झेनो याच जागी येरझारा घालत शिकवू लागला. जागेच्या निवडीमागचे कारण मला वाटते अगदी व्यावहारिक असावे. प्लेटोच्या परंपरेकडे अकादमीची बाग होती, एपिक्युरस या तत्त्वज्ञाने स्वतःची बाग विकत घेतली होती. परदेशी रहिवाशाला मात्र अथेन्समध्ये खास परवानगीखेरीज जमीन विकत घेता येत नसे. झेनो परदेशी होता. भाडे न देता, कोणाची परवानगी न काढता उभे राहता येईल अशी छपराखालची जागा म्हणजे स्तोआ, आणि तिथे ऐकणाराही आपोआप मिळतो, कारण बाजाराला येणारा जाणारा तिच्यावरूनच जातो.

त्याच्या शिष्यांना आधी ‘झेनोचे लोक’ म्हणत. मग ‘स्तोइकोस’, म्हणजे शब्दशः ‘स्तोआवाले’, हे नाव पडले. हे नाव खास त्यांच्यासाठी घडवलेले नव्हते, कारण त्यांच्याआधी याच स्तोआत जमणाऱ्या कवींना लोक ‘स्तोआवाले’ म्हणत असत. कवींचे नाव विसरले गेले आणि तत्त्वज्ञांना चिकटले. आज ‘स्टोइक’ हा शब्द सुखदुःखांनी विचलित न होणारा अशा अर्थाने वापरला जातो आणि मराठीत त्याला ‘स्थितप्रज्ञ’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. योगायोग असा की ‘स्थित’ आणि ‘स्टोइक’ ही दोन्ही रूपे शेवटी त्याच ‘उभे असणे’ या धातूकडे जातात. परंतु स्थितप्रज्ञ या शब्दात स्थिर असते ती बुद्धी, आणि स्टोइक या शब्दात स्थिर आहेत ते केवळ खांब. मनाच्या निश्चलतेचा अर्थ त्याला शिकवणुकीतून मिळाला, धातूतून नव्हे.

ही चित्रे इसवी सन ४००च्या आधीच तिथून नाहीशी झाली होती. त्या सुमारास अथेन्सला गेलेला सिनेसिअस हा ग्रीक लेखक खंतावून लिहितो की एका रोमन अधिकाऱ्याने चित्रांच्या फळ्या काढून नेल्या.

अलेक्झांडरनंतरच्या काळात राजांनी परक्या शहरांना स्तोआ भेट देण्याची प्रथा पडली आणि इमारतीचा आकार फुगत गेला. पेर्गामोनचा राजा दुसरा अत्तालोस (इ. स. पू. १५९ ते १३८) याने अथेन्सला दिलेली स्तोआ सुमारे ११५ मीटर लांब, दोन मजली, आणि प्रत्येक मजल्यावर मागे दुकानांचे एकवीस गाळे अशी होती. तिच्या बाहेरच्या खांबांचा खालचा भाग मुद्दाम गुळगुळीत ठेवला आहे, उभ्या पन्हळी वरच्या भागातच कोरल्या आहेत. रोजच्या गर्दीत पन्हळींच्या धारदार कडा फुटू नयेत हा त्यामागचा हिशोब असणार. कॉरिंथच्या दक्षिण स्तोआतली सोय आणखी पुढची होती: तिथल्या बहुतेक गाळ्यांत स्वतंत्र विहीर होती आणि ती जमिनीखालून शहराच्या प्रसिद्ध झऱ्याशी जोडलेली होती. उन्हाळ्यात माल थंड ठेवायला दुकानदाराला त्याचा उपयोग होत असे. एपिदाउरोसला अस्क्लेपिओस या आरोग्यदेवतेच्या क्षेत्रात रोगी रात्री स्तोआत झोपत आणि देवाने स्वप्नात येऊन उपाय सांगावा म्हणून वाट पाहत. बेथेस्दाच्या पडव्यांतले आजारी त्यामुळे फार एकटे वाटत नाहीत. ऑलिंपियाच्या एका स्तोआत एकदा काढलेला आवाज सात वेळा घुमतो, म्हणून तिला प्रतिध्वनीची स्तोआ हे नाव होते.

अत्तालोसची स्तोआ इसवी सन २६७ मध्ये हेरुली टोळ्यांच्या हल्ल्यात जळली, पण तिच्या भिंती नंतरच्या तटबंदीत सामावल्या गेल्याने एका टोकाला थेट छपरापर्यंत टिकून राहिल्या. त्यामुळे मूळ मापे खात्रीने कळली आणि १९५३ ते १९५६ या काळात अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी ती जुन्याच पायावर पुन्हा उभी केली. आज ती अगोराचे संग्रहालय आहे, आणि एका स्तोआतली असावी अशी ती स्पार्टाची ढाल आता दुसऱ्या स्तोआत पाहायला मिळते. १६ एप्रिल २००३ रोजी युरोपीय संघात दहा नव्या देशांना सामील करून घेणाऱ्या करारावर याच खांबांमध्ये सह्या झाल्या.

रोमन लोकांनी ही वास्तू उचलली, पण शब्द नाही. त्यांनी तिला ‘पोर्तिकुस’ म्हटले, आणि तो शब्द ‘पोर्ता’, म्हणजे दार, यावरून आला आहे. ज्या इमारतीला दारच नाही तिचे नाव दारावरून पडावे, यात विसंगती आहे खरी. पण मग शलमोनाच्या स्तोआला ‘देवडी’ म्हणणारा मराठी भाषांतरकारही एकटा ठरत नाही. स्तोआचे एक विशेषण मात्र लॅटिनमध्ये शिरले. ‘राजाची’ या अर्थाचे ‘बासिलिके’ हे ग्रीक रूप तिथे ‘बासिलिका’ झाले आणि खांबांच्या ओळी असलेल्या मोठ्या दालनाचे नाव बनले. काटो या रोमन राजकारण्याने इ. स. पू. १८४ मध्ये रोममध्ये बांधलेली बासिलिका हे त्याचे पहिले ज्ञात उदाहरण. हे विशेषण मुळात ‘स्तोआ’ या नामालाच लागलेले होते, असे बरेच अभ्यासक मानतात. अथेन्सच्या त्या आठ खांबांच्या कचेरीशी त्याचा थेट संबंध आहे की नाही, यावर मात्र एकमत नाही. ख्रिस्ती लोकांनी आपली पहिली मोठी प्रार्थनामंदिरे याच दालनांच्या नमुन्यावर बांधली, शब्द चर्चकडे गेला, आणि १९४६ साली जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चला बासिलिकेचा दर्जा मिळाला तेव्हा तो मांडवीच्या काठीही पोहोचला.

खुद्द ग्रीसमध्ये ‘स्तोआ’ अजून रोजच्या बोलण्यात आहे. खाणीतल्या भुयारी वाटेला तिथे स्तोआ म्हणतात आणि फ्रीमेसन मंडळींच्या बैठकीच्या जागेलाही. अथेन्सच्या मध्यवस्तीत मात्र स्तोआ म्हणजे एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर इमारतीच्या पोटातून निघणारी, दोन्ही बाजूंना दुकाने असलेली छपराखालची वाट; पुस्तकविक्रेत्यांची अशी एक स्वतंत्र स्तोआही तिथे आहे. मागची भिंत, जी प्राचीन स्तोआत सहसा चुकत नसे, ती आता गेली आहे आणि ऐन दुपारी माणसे सावली धरून एका बाजूने शिरतात नि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात.